नाशिकमध्ये लाकडाचा धंदा सुरू करताना : वखारीतला भाव आणि जंगलाचा हिशोब

वखारीत शिरलेला नवखा माणूस पहिल्यांदा विचारतो, "घनफुटाला काय भाव?" वखारवालाही लगेच आकडा सांगून मोकळा होतो, कारण नुसत्या त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. घनफूट कोणत्या मापाचं, ओंडका किती घेराचा, फाडल्यावर किती उरणार, माल कुठून आला आणि त्याचे कागद कुणाकडे आहेत, हे सगळं कळल्यावर जो आकडा निघतो तो खरा भाव.

हा लेख नाशिकमध्ये लहान प्रमाणावर लाकडाचा व्यापार सुरू करू पाहणाऱ्यांसाठी आहे. स्वतःचा माल ठेवू पाहणारे सुतार-मिस्त्री आणि इंटिरियरवाले यांनाही तो उपयोगी पडेल. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने चढा. बहुतेक जण थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात, म्हणजे आधी माल घेतात आणि मग बाकीचं शिकतात.

पायरी १ : नावं ऐका, पण देश विचारा

नाशिकच्या द्वारका परिसरातल्या वखारींतून एक चक्कर मारा. सीपी (जुना मध्य प्रांत) साग, बल्हारशा, वलसाडी, बर्मा, घाना, कोस्टारिका, इक्वेडोर, मलेशियन साल, मेरांटी अशी नावं कानावर पडतील. यातली बरीचशी जागांची नावं आहेत, आणि ती ज्या क्रमाने बाजारात आली तो क्रमही समजून घेण्यासारखा आहे. आपल्या भागातल्या वाड्यांना जवळच्या डोंगरातला आणि डांगचा साग मिळत होता. तो कमी पडू लागला तसा बर्मा साग आला. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. इंडोनेशियाने तर १९८५ मध्येच ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं होतं. गॅबनने २०१० मध्ये, मलेशियातल्या सबाहने २०१८ मध्ये तेच केलं. एकेक दार बंद होत गेलं तसा आपला व्यापारी पुढच्या दाराशी गेला, आधी आफ्रिकेत आणि मग लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीच्या सागाकडे.

निर्यातबंदीचं कारण दर वेळी जंगल वाचवणं हेच असतं असं समजू नका. ओंडक्याऐवजी प्लायवूड आणि फळ्या विकल्या तर रोजगार आणि नफा आपल्याच देशात राहतो, हा त्यामागचा मोठा हेतू असतो. त्याचा एक उलटा परिणामही होतो. ओंडका बाहेर जाईनासा झाला की देशातल्या देशात त्याचा भाव पडतो, आणि स्वस्त लाकूड मिळालं की गिरण्या ते हयगयीने फाडतात.

तुमच्यापुरता अर्थ असा की आज कुणी "ओरिजिनल बर्मा" म्हणून गोल ओंडका दाखवला, तर तो केव्हा आणि कुठल्या कागदावर भारतात आला हे विचारायचं. दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा साग बर्मा म्हणून खपवणारे आहेत. "मलेशियन साल" या नावाखाली तर शोरिया गटातली अनेक लाकडं येतात आणि त्यांचं वजन, टिकाऊपणा वेगवेगळा असतो. देशी माल हवा असेल तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला तोड नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तिथलंच लाकूड गेलं.

पायरी २ : माप शिका

नवख्याचा पहिला तोटा बहुधा मापात होतो. गोल लाकूड आपल्याकडे अजूनही हॉपस पद्धतीने मोजतात. ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्यायचा, त्याला चारने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. समजा घेर ४० इंच आणि लांबी १० फूट आहे. चाळीसचा चौथा भाग १०, त्याचा वर्ग १०० चौरस इंच. त्याला १० फुटांनी गुणून १४४ ने भागलं की ६.९४ घनफूट येतात.

भूमितीने मोजलं तर याच ओंडक्यात ८.८४ घनफूट लाकूड आहे. हॉपसचं माप खऱ्या घनफळाच्या ७८.५ टक्के भरतं. साल आणि फाडताना जाणारा भाग धरून ही सूट ठेवलेली आहे. परदेशी माल घनमीटरमध्ये येतो (१ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट), आणि तो घनमीटर हॉपसचा आहे की खरा हे करारात लिहिलेलं नसेल तर २१-२२ टक्क्यांचा फरक तुमच्या खिशातून जाऊ शकतो. म्हणून बोलणी सुरू करण्याआधीच विचारा, "माप कुठलं?"

पुढचा हिशोब फाडण्याचा. वरच्या ओंडक्यातून साडेचार घनफूट चांगला चिरलेला माल निघाला असं धरू. ओंडका हॉपसने २,००० रुपये घनफुटाने घेतला असेल तर त्याची किंमत झाली १३,८८० रुपये, आणि चिरलेला माल पडला ३,०८० च्या पुढे. त्यावर चिराई, हमाली, भाडं. गोल आणि चिरलेल्या लाकडावर १८ टक्के जीएसटी लागतो तो वेगळाच. हे भाव फक्त उदाहरणाचे आहेत, पण रीत हीच ठेवा. ओंडक्याचा भाव तोंडाने सांगा, वहीत मात्र चिरलेल्या घनफुटाचा लिहा.

पायरी ३ : घेर आणि वर्षं

खरं अर्थकारण इथे आहे, म्हणून या पायरीवर जरा थांबू या.

सागाच्या ओंडक्यात बाहेरचं पांढरं लाकूड असतं आणि आत सोनेरी-तपकिरी गाभा. वाळवीला आणि पावसाला टिकतो तो गाभा, पांढरं टिकत नाही. पांढऱ्याचा थर चहूबाजूंनी एक इंचाचा आहे असं धरा. २४ इंच घेराच्या ओंडक्याचा व्यास सुमारे ७.६ इंच. दोन्ही बाजूंचा एकेक इंच गेला की गाभा उरतो सुमारे ५५ टक्के. ४८ इंच घेराच्या ओंडक्यात तोच थर गेल्यावर गाभा ७५ टक्क्यांच्या वर राहतो. शिवाय जाड ओंडक्यातून रुंद फळी निघते, बारक्यातून रिपा. म्हणूनच डेपोत घेराच्या वर्गवारीप्रमाणे भाव चढत जातो.

मग सगळे झाड जाड होईपर्यंत का थांबत नाहीत? व्याजामुळे. २५ वर्षांनी एक लाख रुपये देणाऱ्या झाडाची आजची किंमत ८ टक्के व्याजाने साधारण १४,६०० रुपये होते. १२ टक्के धरलं तर ५,९०० च्या आसपास. तेच लाख रुपये ६० वर्षांनी मिळणार असतील तर ८ टक्क्यांनी आजची किंमत हजार रुपयांच्याही आत येते. आपल्या सरकारी जंगलांत सागाचं तोडीचं चक्र ६० ते ८० वर्षांचं ठेवत आले, कारण सरकारला व्याजाची घाई नव्हती. खासगी लागवडवाला २०-२५ वर्षांत तोडतो. त्याचं काही चुकत नाही, पण म्हणूनच त्याच्या मालात पांढरं जास्त आणि गाभा कमी असतो, आणि म्हणूनच तो स्वस्त पडतो. ग्राहकाला हे समजावून सांगता आलं तर अर्धा व्यापार जमला.

याच गणितावर "एकरी इतके कोटी" सांगणाऱ्या सागलागवडीच्या योजनाही तपासून बघा. १९९० च्या दशकात अशा योजनांचा पूर आला होता आणि मध्यमवर्गाचे भरपूर पैसे त्यात बुडाले. शेवटी सेबीला १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियमावली आणावी लागली. या जाहिरातींत सहसा भाव असतो जुन्या जंगलातल्या जाड ओंडक्याचा, वय असतं कोवळ्या झाडाचं, आणि विरळणीत (बाकीच्यांना वाढायला जागा मिळावी म्हणून) मधेच काढायची झाडं शेवटच्या मोजणीत तशीच उभी असतात. शेताच्या बांधावर साग जरूर लावा. फक्त त्यावर कर्ज काढू नका.

आता उष्ण कटिबंधातल्या नैसर्गिक जंगलाकडे येऊ. तिथे दर हेक्टरी विकण्याजोगी झाडं थोडीच असतात, म्हणून सगळं न तोडता निवडून तोडतात. ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये परवानगी मिळते ती हेक्टरी जास्तीत जास्त ३० घनमीटरची, आणि त्यानंतर तो तुकडा ३५ वर्षं सोडायचा. भागाकार केला तर हेक्टरी वर्षाला जेमतेम ३० घनफूट येतात. फाडल्यावर त्यातले निम्मे हाती लागले असं धरलं तर १५ घनफूट. पाच बाय अडीच इंचाच्या मापाने एका फ्लॅटच्या दहा चौकटी त्यात संपतात. एवढ्यावर रस्ता, यंत्रं, मजुरी, राखण आणि सरकारी देणी भागवायची असतात. तीच जमीन साफ करून तिथे गुरं सोडली किंवा सोयाबीन लावलं तर दरवर्षी पैसा येतो. जगात २०१५ ते २०२० या काळात दरवर्षी सुमारे १ कोटी हेक्टर जंगल गेलं असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातलं बहुतेक शेती-कुरणांसाठी गेलं.

"लाकूड विकत घेणं थांबवा, जंगल वाचेल" हे वाक्य म्हणून मला अर्धवट वाटतं. लाकडाला भावच राहिला नाही, तर उभ्या जंगलाची बाजू घ्यायला कुरण आणि पामतेलासमोर काय उरतं? पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ओंडके काढायला केलेल्या रस्त्यानेच पुढे अतिक्रमण आत शिरतं, आणि चोरीचा स्वस्त माल बाजारात आला की नियमाने तोडणाऱ्याचा भाव पडतो. तेव्हा कुणाचं लाकूड घेतलं यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते कळण्याचा मार्ग एकच, कागद.

पायरी ४ : कागद, आधी देशी मालाचे

सुरुवात अशी करा. एक दिवस काढून जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात (रेंज ऑफिसात) जा. नाशिकला पूर्व आणि पश्चिम असे दोन वनविभाग आहेत, तुमचा भाग कुणाकडे येतो ते आधी बघा. तिथल्या माणसाला "साहेब, धंदा सुरू करायचाय, काय काय लागतं?" एवढंच विचारा. फोनवर मिळणाऱ्या सल्ल्यापेक्षा हे कामाला येतं.

देशी सागाचे मुख्य रस्ते दोन. पहिला, सरकारी डेपो आणि वनविकास महामंडळ (स्थापना १९७४) यांचे लिलाव. बोली आता ऑनलाइन लागते आणि अनामत आधी भरावी लागते. पण माल पाहिल्याशिवाय बोली लावू नका. ओंडक्याचं टोक बघा, पोकळी आहे का, तडे केवढे, वळण किती. ओंडक्यावर हातोड्याचा ठसा आणि नंबर असतो, तो यादीशी जुळवा.

दुसरा रस्ता मालकी झाडांचा, म्हणजे शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरच्या झाडांचा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत साग, खैर, ऐन, मोह, हिरडा, आंबा, फणस अशी झाडं आहेत. शेतकऱ्याने स्वतः लावलेलं असलं तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तोडीची परवानगी वेगळी आणि वाहतूक परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात, तो वेगळा. २०२३ च्या अखेरीपासून देशभरासाठी ऑनलाइन वाहतूक परवान्याची व्यवस्था सुरू झाली आहे, तिच्यात खातं उघडून ठेवा. बांबूचं सोपं झालंय, २०१७ च्या दुरुस्तीने तो 'वृक्ष' या व्याख्येतून निघाला.

पेठ, सुरगाणा, हरसूल भागात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरची झाडं विकण्यासाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो व्यवहार वनखात्यामार्फत करायचा असतो. परस्पर रोख देऊन झाडं उभीच खरेदी करणारे दलाल तुम्हाला भेटतील. त्यांचा भाव निम्मा का असतो? त्यात सरकारी देणं नाही, पुन्हा लागवड नाही, आणि झाडाच्या मालकाच्या हातावर टेकवलेली रक्कम तर लाज वाटावी अशी असते. पकडलं गेलं तर भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली लाकूड जातंच, टेम्पोही जप्त होतो. एका खेपेचा नफा आणि एका टेम्पोची किंमत शेजारी मांडून बघा.

आरा गिरणी स्वतः टाकायचा विचार आत्ता सोडा. सर्वोच्च न्यायालयातल्या गोदावर्मन या जंगल-संरक्षणाच्या प्रकरणातल्या १९९६ पासूनच्या आदेशांनी गिरण्यांच्या परवान्यांवर कडक बंधनं आली आहेत. परवाना असलेल्या गिरणीत माल फाडून घ्या आणि चिराईची पावती जपून ठेवा, कारण ओंडक्याचा टीपी आणि चिरलेला माल यांना जोडणारा दुवा तीच आहे.

पायरी ५ : परदेशी माल घ्यायचा तर

थेट कंटेनर मागवण्याची हौस पहिल्या वर्षी नको. डॉलरचा भाव, बँकेचं पतपत्र, न्हावाशेवाला माल अडकला तर रोज चढणारं भाडं, आणि कंटेनर उघडल्यावर निघणारा माल, या चारही गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. गुजरातेत कांडला-गांधीधामला आयात लाकडाच्या गिरण्यांची मोठी पेठ आहे. तिथून चिरलेला माल थोडा थोडा घ्या. भाव दोन पैसे जास्त पडेल, पण ओंडक्याच्या पोटात काय निघेल ही जोखीम दुसऱ्याच्या माथी राहते.

बिलासोबत बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयात मालाच्या कस्टम्सकडच्या नोंदीची, प्रत मागा. त्यावरून माल कुठल्या बंदरात केव्हा उतरला आणि कुठल्या देशातून आला ते कळतं. उगमाचा दाखला आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र यांच्या प्रती मिळाल्या तर उत्तम. मोठे विक्रेते देतात. काखा वर करणाऱ्याकडून पहिला व्यवहार करू नका.

काही लाकडं साइटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यांना जादा परवाने लागतात. शिसवाचा सगळा डॅल्बर्जिया वंश २०१७ पासून यादीत आहे, रक्तचंदन आहे, आणि २०२२ च्या पनामा परिषदेत आफ्रिकेतली खाया (बाजारात "आफ्रिकन महॉगनी") व अफझेलियाही आली. ही नावं आली की थांबून चौकशी करायची.

आणखी एक, खास नाशिकसाठी. दमट देशातून आलेलं लाकूड आपल्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत आकसतं. दारं वाकतात, पॅनलच्या फटी उघडतात आणि शिव्या तुम्हाला बसतात. ओलावा मोजायचं छोटं यंत्र घ्या आणि फर्निचरसाठी १०-१२ टक्क्यांच्या वर ओलावा असलेला माल विकू नका.

पायरी ६ : हिरवे शिक्के

"एफएससी आहे" (म्हणजे जंगल नीट राखून काढलेलं लाकूड असल्याचं प्रमाणपत्र आहे) असं कुणी म्हणालं तर दोन गोष्टी बघा. प्रमाणपत्राचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर शोधा, आणि तो जंगलापासून तुमच्यापर्यंत प्रत्येक हातात आहे का ते पाहा. मधल्या एका व्यापाऱ्याकडे साखळीचं प्रमाणपत्र नसेल तर तुमच्या बिलावर तो दावा लिहिता येत नाही. १९९३ ची एफएससी आणि १९९९ ची पीईएफसी या जुन्या व्यवस्था. भारताने स्वतःची वन व काष्ठ प्रमाणन योजना डिसेंबर २०२३ मध्ये सुरू केली.

नाशिकचा घरगुती ग्राहक या शिक्क्यासाठी जादा पैसे देत नाही. फर्निचर किंवा लाकडी वस्तू निर्यात करणारा देतो, कारण त्याला द्यावेच लागतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवरचं लाकूड तिथे चालणार नाही, आणि कुठल्या तुकड्यातलं झाड ते नकाशावर दाखवावं लागेल. अंमलबजावणीची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली, म्हणून काही जण हसतात. १९९० च्या सुमारास उष्णकटिबंधीय लाकूड संघटनेनेही २००० सालापर्यंत सगळा व्यापार टिकाऊ जंगलांतून करायचं ठरवलं होतं आणि ते झालं नाही. तरी निर्यातदाराला माल द्यायचा असेल तर मूळ ठिकाणाची नोंद आजपासून ठेवा. दोन वर्षांपूर्वीचे कागद नंतर तयार करता येत नाहीत.

पायरी ७ : पहिला माल

माझं मत विचाराल तर सुरुवात जुन्या लाकडापासून करा. जुन्या नाशकात, पंचवटीत वाडे उतरवले जातात तेव्हा तुळया, खांब, वासे निघतात. हे लाकूड जाड झाडांचं, पुरतं वाळलेलं असतं आणि त्यासाठी नवं झाड पाडावं लागत नाही. खिळे काढायला मजुरी लागते, टोकं बऱ्याचदा वाळवीने गेलेली असतात आणि लांबी हवी तशी मिळत नाही, म्हणून भाव करताना मोजलेल्या लाकडाऐवजी वापरात येणारं लाकूड धरा. वाडामालकाकडून बिल किंवा लेखी विक्रीपत्र आणि महापालिकेच्या परवानगीची प्रत घ्या. वाहतुकीचं काय ते रेंज ऑफिसला विचारून मगच गाडी हलवा. कोरीव खांब मात्र फाडू नका. तसं काम करणारे हात आता राहिले नाहीत आणि अख्खा खांब फळ्यांच्या कितीतरी पट किमतीला जातो.

दुसरा सुरक्षित रस्ता पॅकिंगचा. द्राक्षाच्या निर्यातीला पॅलेट लागतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांना खोकी लागतात, आणि तिथे सागाचं काही काम नसतं. निलगिरी, सुबाभूळ, पाइन चालतं, त्यामुळे उष्ण जंगलांवर भार पडत नाही. निर्यातीच्या पॅलेटसाठी, लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून असलेल्या आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंशांवर ३० मिनिटं राहावं लागतं आणि नोंदणी असलेल्या केंद्रानेच शिक्का मारायचा असतो. द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला की या केंद्रांवर गर्दी होते, तेव्हा दिवाळी झाली की बोलणी करून टाका.

वहीत प्रत्येक लॉटसाठी एक पान ठेवा. कुठून घेतला, टीपी किंवा बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, घेर, हॉपसचं माप, चिरून निघालेलं माप, ओलावा, कुणाला विकला. चार-पाच लॉट झाले की कुठल्या देशाच्या आणि किती घेराच्या मालात तुमचे पैसे सुटतात ते पानं चाळून दिसेल, आणि पुढची खरेदी त्यावरून ठरवा.